तिसरीतल्या पोराला वाचता येतंय का, एवढं आधी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल तुमच्या पेपरात सारखं काहीतरी येत असतं, कधी पट घसरला, कधी छप्पर गळतंय, कधी शिक्षकांचा मोर्चा, कधी एखाद्या शाळेला टीव्ही मिळाला त्याचा फोटो. सगळं वाचते मी. पण एक गोष्ट कधी वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. जिल्ह्यात शिक्षणावर एवढा पैसा जातो, एवढी माणसं कामाला आहेत, त्यातून तिसरीतलं पोरगं एक साधी गोष्ट स्वतःच्या स्वतः वाचून दुसऱ्याला सांगू शकतंय का, हा हिशोब कुणी मांडतच नाही. किती खोल्या बांधल्या, किती टॅब वाटले, किती शाळा डिजिटल झाल्या ते सगळं छापून येतं. माझं म्हणणं असं आहे की पहिली ते तिसरीच्या शिक्षकाचा वर्गातला वेळ ही अख्ख्या जिल्ह्याची सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि सगळ्यात जास्त नासाडी तिचीच चाललीय.

मी शिलाईकाम करते, दुष्काळी तालुक्यातल्या छोट्या गावात राहते, मुलगी तिसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम 21 मध्ये लिहिलंय की समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका, त्यामुळे आमच्यासारख्यांना तिथं बसायला मिळतं. बऱ्याच गावांत ही समिती म्हणजे प्रोसिडिंग बुक घरी येणार, आपण सही करणार आणि चहा घेऊन ते परत जाणार इतकीच असते. पण त्याच कायद्याच्या कलम 22 मध्ये शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा असंही आहे, म्हणजे पैसा कुठं लागतो ते सांगायचा हक्क आपला आहे, हे पालकांना कुणी सांगत नाही.

वाचता येणं म्हणजे काय ते आधी बोलूया, कारण इथंच सगळी फसगत होते. आमच्याकडे चावडी वाचन झालं, देवळासमोर पोरांनी उभं राहून धडा म्हणून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. नंतर एका पोराला मी सहज जवळ बसवलं आणि त्याच धड्यातली मधलीच एक ओळ बोट ठेवून विचारली तर त्याला येईना. पहिल्या ओळीपासून सुरू केलं की गडी धडाधडा म्हणतो, बोट मात्र तिसऱ्याच शब्दावर आणि तोंडात पुढची ओळ. दुसरी एक मुलगी, हुशार, अक्षरं सगळी ओळखते, क म ळ असं सुटं सुटं म्हणाली, मग हळूच वर चित्राकडं बघितलं आणि म्हणाली "फूल". तिला अक्षरं येतात आणि शब्द येत नाही. हजेरीपटावर दोघंही हजर, दोघांची प्रगतिपत्रकं व्यवस्थित, आणि दोघं पुढच्या वर्षी चौथीत जाणार, तिथं परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात पडलं की काय करणार ती?

हे आमच्याच गावापुरतं आहे असं समजू नका. असर नावाचा सर्व्हे 2005 पासून होतोय, खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन पोरांच्या हातात कागद देतात, आधी अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. देशातल्या सरकारी शाळांत तिसरीची किती पोरं दुसरीची गोष्ट वाचू शकली तर 2018 ला 20.9 टक्के, कोरोनानंतर 2022 ला 16.3 आणि 2024 ला 23.4. सुधारणा झालीय, ती खरी आहे आणि त्याचं श्रेय शिक्षकांना द्यायलाच पाहिजे, पण तरी चारातली तीन पोरं मागं राहिली ना. पाचवीत पण 2024 ला 44.8 टक्केच, म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं पाचवीत बसून दुसरीचं वाचू शकत नाहीत. केंद्र सरकारनं 5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान आणलं, 2026-27 पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला वाचता आणि हिशोब करता आला पाहिजे असं ठरवलं. आपल्या राज्यानं त्याच्याही आधी 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र काढला होता, मग मार्च 2025 ला निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम आला. म्हणजे ध्येय काय ते सगळ्यांना माहिती आहे. जीआर पण आहेत. अडलंय ते पैसा, माणूस आणि वेळ या ध्येयाकडं वळवण्यात, आणि ते काम जिल्ह्याच्या पातळीवरच होऊ शकतं, दिल्ली मुंबईत बसून होणार नाही.

आता वेळेचं सांगते. आपल्याकडच्या कितीतरी शाळा दोन शिक्षकी आहेत, चार वर्ग आणि दोन माणसं. त्यातल्या पहिली-दुसरीच्या मॅडमचा दिवस कसा जातो ते मी समोर बसून बघितलंय. शाळा भरली की हजेरी, मग तीच हजेरी मोबाईलवर, रेंज नसली की पटांगणात फिरत फिरत. मग पोषण आहारात आज किती पोरं जेवणार तो आकडा. तेवढ्यात व्हॉट्सअपच्या ग्रुपवर लिंक येते, "आज 12 वाजेपर्यंत माहिती न भरल्यास आपली जबाबदारी राहील". कुठल्या तरी पोराच्या आधारवर नाव वेगळं आणि शाळेत वेगळं, ते जुळवायचं. कुठला तरी दिन साजरा करायचा आणि त्याचा फोटो अपलोड करायचा. बरं ही माहिती एकदा दिली की संपली असं पण नाही, यूडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळांच्या ऑनलाईन नोंदीत, भरलेलीच पुन्हा तालुक्याला एक्सेलमध्ये पाहिजे असते आणि तीच परत आठवड्यानं दुसऱ्या टेबलाला. एवढ्यात पहिलीतली पोरं काय करतात, तर फळ्यावरचं बघून पाटी भरतात. पाच वेळा, दहा वेळा लिहून काढतात. त्यांच्याशी बोलायला, त्यांना मांडीवर पुस्तक घेऊन वाचून दाखवायला, एकेकाचं बोट धरून शब्द फोडायला माणूस मोकळाच नसतो.

शिक्षकाला दोष देणं फार सोपं आहे म्हणून सगळे देतात. कायदा मात्र शिक्षकाच्या बाजूनं आहे. आरटीईच्या कलम 27 नं स्पष्ट सांगितलंय की जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक एवढी तीन कामं सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगर शैक्षणिक कामाला लावायचं नाही. निवडणुकीच्या कामाबद्दल पण सुप्रीम कोर्टानं 2007 मध्येच सांगून ठेवलंय की मतदार याद्यांचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवायचं नसेल तेव्हा द्या, शिकवायच्या दिवशी शक्यतो नको. तरी बीएलओ म्हणून, म्हणजे गावातली मतदार यादी सांभाळायला, शिक्षकच, भर शाळेच्या दिवसात. राज्य सरकारनं 2024 मध्ये शैक्षणिक काम कुठलं आणि अशैक्षणिक कुठलं याची यादी पण काढली, पण यादीत नाव टाकल्यानं काम कमी होत नाही, कुणीतरी ते दुसऱ्या माणसाला द्यावं लागतं आणि त्या दुसऱ्या माणसाला पगार लागतो.

इथं मी एक हिशोब केलाय तो मांडते, कुणाला चुकीचा वाटला तर दाखवा. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला कमीत कमी 200 दिवस आणि 800 तास शिकवायचं आहे. जुन्या अनुभवी शिक्षकाचा पगार आज महिना सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात असतो, वर्षाला 9 लाख धरूया. भागिले 800 केले की वर्गातला एक तास साधारण 1,125 रुपयांना पडतो. (पगार जास्त आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, एवढ्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्याला तो मिळालाच पाहिजे.) आता लिंका, अ‍ॅप, फोटो, मीटिंग यात रोजचा एकच तास गेला धरा, तर 200 दिवसांचे 2 लाख 25 हजार रुपये झाले, एका शिक्षकाचे, एका वर्षाचे. आणि त्याच प्राथमिक शाळेला वाचनालयाच्या पुस्तकांसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळतात 5 हजार. सव्वादोन लाख असे रोज थोडे थोडे सांडतात ते कुठल्याच ऑडिटमध्ये येत नाहीत, आणि पाच हजाराच्या पुस्तकाचं एक पान फाटलं तर शिक्षकाला विचारणा होते.

पुस्तकांचं पण असंच झालंय. शाळेत पुस्तकं नाहीत असं नाही, गोदरेजचं कपाट भरून आहेत, पण कपाटाला कुलूप. मी विचारलं तर कळलं की प्रत्येक पुस्तक रजिस्टरला चढवलेलं असतं, हरवलं तर भरून कोण देणार, त्यापेक्षा कपाटात बरं. काही गठ्ठ्यांची सुतळीपण सोडलेली नव्हती. आतली निम्मी पुस्तकं जाड जाड, बारीक टायपाची, थोरांची चरित्रं आणि निबंध, पहिलीच्या पोरानं त्याचं काय करायचं? त्याला पाहिजे पानाला एक-दोन ओळी, मोठं अक्षर, मोठं चित्र, वाचून झाल्यावर हसू येईल अशी गोष्ट. अशी पुस्तकं मराठीत आहेत, आणि महागही नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट आहे, प्रथम बुक्स आहे, ज्योत्स्ना प्रकाशन आहे, पन्नास रुपयांच्या आसपास कितीतरी चांगली पुस्तकं येतात, म्हणजे पाच हजारात शंभर. पण निवड वरून होते, गठ्ठा खाली येतो. माझं म्हणणं, केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रशाळेला जोडलेल्या आजूबाजूच्या दहा-बारा शाळांतल्या, पहिली-दुसरीच्या शिक्षकांनाच एका दिवसासाठी पुस्तकं समोर मांडून निवडू द्या, आणि जिल्हा परिषदेनं साधं एक पत्र काढावं की वापरून फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, वर्षाला अमुक टक्के पुस्तकं फाटणार हे धरूनच चालायचं. एवढ्या एका पत्राला एक रुपया लागत नाही आणि जिल्ह्यातली सगळी कपाटं उघडतील. पोरं पुस्तक घरी नेतील, कोपरे दुमडतील, त्यावर चहा सांडेल, सांडू द्या.

शिकवायच्या पद्धतीबद्दल मी जास्त बोलणार नाही, ते माझं काम नाही, पण आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी हे करून दाखवलंय ते तरी बघायला पाहिजे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1978 पासून प्रगत शिक्षण संस्थेत हेच काम केलं, अमेरिकेतून आलेली बाई इथलीच झाली आणि ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही अशा पोरांना मराठी वाचायला कसं शिकवायचं यात आयुष्य घातलं. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट संस्था आदिवासी भागातल्या पोरांच्या वाचन-लेखनावर कितीतरी वर्षं काम करतेय. अशा लोकांकडून समजतं ते हे की अक्षरं क पासून ज्ञ पर्यंत ओळीनं घोकून झाल्यावर मग शब्द असं केलं की पोरगं कंटाळून जातं, त्यापेक्षा थोडीच अक्षरं आणि काना घेतला की लगेच काम, नाक, मामा असे शब्द तयार होतात आणि पहिल्याच महिन्यात त्याला कळतं की अरे आपल्याला वाचता येतंय. त्याच्या जोडीला रोज मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवायची, पोरांना भरपूर बोलू द्यायचं. मुंबई आणि वडोदऱ्यात प्रथम संस्थेनं बालसखी म्हणून वस्तीतल्याच मुली घेतल्या होत्या, मागं पडलेल्या पोरांना वेगळं बसवून रोज दोन तास मूलभूत वाचन आणि गणित, त्या पोरांची प्रगती मोजली गेली आणि ती खरंच झाली होती. हा अभ्यास करणाऱ्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढं 2019 ला नोबेल मिळालं. आमच्या गावात बारावी झालेल्या, डीएड करून घरी बसलेल्या सुना-लेकी किती आहेत बघा. त्यांना महिना योग्य मानधन देऊन रोज दोन तास शाळेत घेतलं तर दोन शिक्षकी शाळेला केवढा आधार होईल. शिक्षकाच्या जागी नव्हे, हे लिहून ठेवते, रिकाम्या जागा भरायला स्वस्तातली माणसं म्हणून कुणी याचा वापर करू नये, शिक्षक पूर्ण पाहिजेतच.

पैसा खाली आला की तो जास्त नीट खर्च होतो हे गणवेशानं दाखवून दिलंय. आधी दोन गणवेशांचे प्रत्येकी 300 प्रमाणे 600 रुपये समितीकडं यायचे, गावातला टेलर किंवा आमच्यासारखी शिवून द्यायची. 2024-25 ला एक राज्य एक गणवेश म्हणून सगळं वरून एकत्र ठरलं, कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून, आणि राज्यभर ओरड झाली, कुणाला उशिरा, कुणाला ढगळा, कुणाला आखूड. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं ते परत समित्यांकडं दिलं. मी स्वतः शिवते म्हणून सांगते, सहा वर्षांच्या पोराचं माप त्याला समोर उभं करूनच घ्यावं लागतं. पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं घातली होती तेही असंच, पुस्तकं जाड झाली आणि पोरं वह्या वेगळ्या आणतच राहिली, शेवटी 2025 ला तो निर्णय मागं घेतला. मग जे गणवेशाबद्दल मान्य केलं ते पुस्तकं, शैक्षणिक साहित्य, दुरुस्ती याबद्दल का मान्य करत नाही?

शाळेला वर्षभराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचं बघा. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 पटाला 25 हजार. त्यातले कमीत कमी 10 टक्के स्वच्छतेला. उरलेल्या नऊ हजारात वर्षभराचं लाईट बिल, नेटचा रिचार्ज, खडू, रजिस्टरं, झाडू, नळाची तोटी, ते टीव्हीचं बिघडलेलं रिमोट. मग वाचनाला काय उरणार? त्यात पैसा जूनमध्ये पाहिजे तो येतो वर्षाच्या शेवटाला, आणि मार्च एंडच्या आत खर्च दाखवा नाहीतर परत जाईल अशी घाई. घाईत काय घेतात तर दुकानात जे तयार असेल ते. कितीतरी शाळांत बंद पडलेले प्रोजेक्टर, बॅटरी गेलेले टॅब डेडस्टॉकला पडून आहेत, कारण वस्तू घ्यायला पैसे होते आणि दुरुस्तीला हेड नव्हतं. नवीन वस्तू घ्यायच्या आधी जुनी का बंद आहे ते लिहून द्या असा नियम जिल्ह्यानं केला तर बराच पैसा वाचेल. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात, झेडपीचा सेस फंड असतो, त्यातून लाईट बिल आणि स्वच्छता भागवली तर शाळेचं अनुदान पोरांच्या शिकण्यावर राहील.

कमी पटाच्या शाळांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या जवळपास 15 हजार शाळा असल्याचं 2023 मध्ये सांगितलं गेलं. सप्टेंबर 2023 ला समूह शाळांचा, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचा विषय निघाला, तोरणमाळ आणि पानशेतचं उदाहरण दिलं गेलं, नंतर 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवायचा, जीआर आला आणि सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी पोरं असली तर शिक्षकच मंजूर नाही अशी वेळ आली, त्यावर केवढी आंदोलनं झाली ते तुम्हीच छापलंय. मी मान्य करते की आठ पोरं आणि एक शिक्षक असली शाळा पोरांनाही एकटी पडते आणि शिक्षकालाही, बोलायला भिडू नाही, खेळायला टीम नाही. पण उपाय म्हणून शाळा उचलून पाच किलोमीटरवर नेली तर सहा वर्षांची पोरगी ओढा ओलांडून रोज जाणार का? कायद्यानं पहिली-दुसरीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा असायला पाहिजे. वाहतूक भत्ता म्हणून महिन्याला 600 रुपये सांगतात, पण ज्या वाडीला दिवसातून एकच एसटी आहे तिथं 600 रुपये घेऊन बसायचं कशात? आणि शाळा लांब गेली की पहिल्यांदा घरी बसवतात ते मुलीला, हे आम्हाला माहिती आहे. त्यापेक्षा जवळच्या तीन-चार वाड्यांच्या शाळा तशाच ठेवून त्यांच्यात वाटून घ्या. पुस्तकांची पेटी दर पंधरा दिवसांनी या शाळेतून त्या शाळेत फिरवा, आठवड्यातून एक दिवस सगळी पोरं केंद्रशाळेत एकत्र आणा, खेळ आणि कार्यक्रम तिथं करा. आणि ऑनलाईन माहिती भरायला अख्ख्या केंद्रासाठी एक डेटा ऑपरेटर द्या. केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या तर वीस-बावीस शिक्षकांचा रोजचा एक तास सुटतो, आणि वर केलेल्या हिशोबानं तो कितीचा होतो ते तुम्ही गुणाकार करून बघा, ऑपरेटरचा पगार त्यापुढं काहीच नाही. केंद्रातल्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाच्या रिकाम्या जागा भरा म्हणजे कुणीतरी वर्गात येऊन बसेल, आज एकाकडं दोन-दोन केंद्रांचा चार्ज, त्याचा सगळा वेळ टपाल गोळा करण्यात जातो.

आमच्याकडची अजून एक अडचण वेगळीच आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि पोरं आईबापाबरोबर जातात, परत येतात ती मार्च-एप्रिलला. पहिलीत जून ते ऑक्टोबर जी काही वीस-बावीस अक्षरं आली ती फडावर विसरून येतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पोरगं जाईल तिथल्या शाळेत त्याला घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, पण वसतिगृहाचा प्रस्ताव आणि मंजुरी टोळ्या निघायच्या आधी झाली तरच पोरगं आजीजवळ राहणार ना, डिसेंबरात मंजुरी देऊन काय उपयोग, पोरगं तोपर्यंत कारखान्याच्या खोपीत पोचलेलं असतं. तारखा बघून काम केलं तर याला वेगळा पैसा लागत नाही. आणि मेळघाटातलं कोरकू बोलणारं पोर, नंदुरबारचं भिली-पावरी बोलणारं, भामरागडचं माडिया, त्यांना तर पहिलीचं पुस्तकच परक्या भाषेत वाटतं, तिथं त्या भाषेचा माणूस वर्गात पाहिजे, ते वेगळं पत्र होईल एवढं मोठं आहे.

पाचवीला आणि आठवीला 2023-24 पासून पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली, पास नाही झालं तर पुन्हा परीक्षा. काहीजण म्हणतात बरं झालं, आता पोरं अभ्यास करतील. मला ते पटत नाही. दुसरीत जे राहिलं ते पाचवीत पकडून नापास केल्यानं येत नाही, पोरगं अजून घाबरतं आणि शाळा सोडतं. बघायचं असेल तर दुसरीच्या दिवाळीला बघा, प्रत्येक पोराला एकेकटं जवळ बसवून, न वाचलेली गोष्ट देऊन. आणि त्याचा आकडा शिक्षकाला मेमो द्यायला वापरू नका, नाहीतर सगळ्या शाळा शंभर टक्के निपुण होतील आणि पोरं तिथंच राहतील. आकडा वापरा मदत कुठं पाठवायची ते ठरवायला, ज्या शाळेत जास्त पोरं अडलीत तिथं आधी माणूस, आधी पुस्तकं, आधी रिकामी जागा भरणार. आज उलटं होतं, जी शाळा आधीच चांगली, रस्त्याजवळ, पाहुण्यांना दाखवण्यासारखी, तिलाच अजून मिळतं, आणि आडवाटेची शाळा यादीत शेवटी.

2022 पासून कितीतरी झेडप्यांवर प्रशासक बसले, वर्षानुवर्षं शिक्षण समितीत लोकांनी निवडून दिलेलं कुणी नव्हतं, त्यामुळं बजेटवर प्रश्न विचारणारंही कुणी नव्हतं. म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. झेडपीचं बजेट दरवर्षी मार्चमध्ये सादर होतं आणि तुमच्या पेपरात एकूण कोटींचा आकडा येतो. यावेळी जरा खोलात जा. शिक्षणाच्या तरतुदीतून बांधकामाला किती, वस्तू खरेदीला किती, पहिली ते तिसरीच्या पुस्तकांना किती, दुरुस्तीला किती, मागच्या वर्षीचे किती परत गेले, पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या किती जागा रिकाम्या आहेत आणि किती शिक्षक कुठल्या कुठल्या कामावर बाहेर आहेत, तालुक्याप्रमाणे एक तक्ता करून छापा. माहितीच्या अधिकारात मागायचं असेल तर अर्ज आम्ही समितीच्या बायका टाकतो, कुठल्या टेबलाला टाकायचा एवढं तुमच्या वार्ताहरानं सांगावं. फेब्रुवारीच्या आत तक्ता छापून आला तर आमच्या समितीच्या महिन्याच्या सभेत तो ठेवून ठराव करता येईल आणि बजेट फायनल व्हायच्या आधी झेडपीत देता येईल, नंतर आला तर वर्ष जातं.

मुलगी याच शाळेत शिकतेय म्हणून नाव आणि गाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य